वरोरा ते हेमलकसा : रस्ता कोणासाठी ?

रस्ता आला की सुबत्ता आली, असे आपल्या सभांतून पुष्कळदा सांगण्यात येते. हे विधान खोटे नव्हे. पण अपुरे आहे. रस्त्यावरून कोणता माल जातो, तो कोणाच्या भावाने जातो आणि वर्षाचे किती महिने जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो रस्ता शेतकऱ्याच्या हिताचा आहे की नाही, हे ठरविता येत नाही. याची प्रचीती ज्यांस हवी असेल त्यांनी मार्गशीर्षात एक दिवस काढून वरोऱ्याहून हेमलकशास मोटारीने जावे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे.

सकाळी वरोऱ्याच्या भोवती काळी जमीन, कपाशी, तूर आणि वेचणीस लागलेल्या बाया दिसतात. येथील शेतकऱ्याच्या अडचणी थोड्या नाहीत. तथापि त्याची गाडी बाजारापर्यंत पोचते आणि एका व्यापाऱ्याचा भाव न पटल्यास दुसऱ्याचे दार त्यास उघडे असते. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी करीत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडेपर्यंत भूमीचे रूप पालटते. धानाच्या बांध्या, बोड्या आणि कापणीनंतरची पुंजणी दृष्टीस पडतात. आलापल्लीपासून सागाचे अरण्य लागते, आणि पुढील साठ-एक किलोमीटर गावे विरळ होत जातात.

या शेवटच्या टप्प्यातील माडिया कुटुंब घरापुरता धान व कोसरी पिकविते. रोकड हाती येते ती बहुतांशी मोहफूल, तेंदूपान व चारोळी यांतून. मोहफूल चैत्राच्या सुमारास गळते. ते ओल न लागू देता साठविता आले तर पावसाळ्यात त्यास भाव येतो. पण कोरडी कोठी नसल्यामुळे ते गळताच विकावे लागते, आणि तेच फूल पावसाळ्यात चढ्या दराने विकत घ्यावे लागते. रस्ता दाराशी असूनही नफा दुसऱ्याचा !

रस्ताच नको, अरण्य जसे आहे तसे राहू द्या, असे म्हणणारेही काही सज्जन आहेत. त्यांनी हेमलकशाचा इतिहास पाहावा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात त्या भागाचा जगाशी संबंध महिनोन् महिने तुटत असे. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात रोगी दूरवरून पायी किंवा खाटेवर घालून आणले जात. रस्त्याचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे त्या रोग्यांना विचारावे लागत नाही. आणि हेमलकशाच्या पुढे अवघ्या काही किलोमीटरांवर असलेले भामरागड पर्लकोटा नदीच्या पुराने २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्येही तुटले होते.

म्हणून आमचे मत असे की, रस्त्याची रुंदी वाढविण्याआधी नदीनाल्यांवरील पुलांची उंची वाढवावी. चार महिने बंद राहणारा रुंद रस्ता हा उन्हाळ्यात माल नेणाऱ्याच्या सोयीचा. बारमाही अरुंद रस्ता हा तेथे राहणाऱ्याच्या सोयीचा. दुसरे, प्रत्येक आठवडी बाजाराच्या गावी ग्रामसभेच्या ताब्यातील कोरडे गोदाम व खरा काटा असावा.

ग्रामसभेस हे झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. त्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तिचे उत्तर दिलेले आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये त्या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला, आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. बांबू तोच होता आणि वनही तेच. माल केव्हा व कोणास द्यावयाचा हे ठरविणारा हात मात्र बदलला.

आपल्या मंडळाच्या सभासदांनी ही गोष्ट परक्याची समजू नये. घाईने माल विकावा लागण्याचे दुःख कपाशीवाल्यासही ठाऊक आहे. साठवण, वजन व एकत्रित विक्री यांचा आपला अनुभव, बरावाईट दोन्ही, या वाटेने पूर्वेकडे पोचविणे हे सहकाराचेच काम होय. रस्त्याच्या आरंभी राहणाऱ्यांनी त्याच्या शेवटच्या गावाची इतकी तरी आठवण ठेवावी.