कोठडीतील कॅमेरा आणि नागरिकाचा हक्क

पोलिस कोठडीत एखाद्याचा मृत्यू झाला, की त्या रात्री काय घडले हे सांगणारे पूर्वी दोनच पुरावे हाती उरत : शवविच्छेदनाचा अहवाल आणि ठाण्याची दैनंदिनी. अहवाल मृत्यूचे कारण सांगे, मृत्यूला जबाबदार कोण ते सांगत नसे. आणि दैनंदिनी तर ज्यांच्याविषयी संशय, त्यांच्याच हस्ताक्षरातली. या दोहोंच्या जोडीला तिसरा साक्षीदार आला, तो कॅमेऱ्याच्या रूपाने.

वडाळा लोहमार्ग पोलिस ठाण्यातील कोठडीमृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राज्यातील ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात हा दंडक साऱ्या देशाला घालून दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली यांपैकी काहीही सुटता कामा नये. चित्राबरोबर ध्वनीही मुद्रित व्हावा. मुद्रण अठरा महिने, ते अशक्य असल्यास निदान एक वर्ष, जतन व्हावे, असे न्यायालयाने बजावले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानात सात-आठ महिन्यांत अकरा कोठडीमृत्यू झाल्याच्या वृत्तावरून, ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला आपणहून घ्यावी लागली.

या अपयशाची चर्चा बहुधा निधी आणि यंत्रसामग्री यांच्याभोवती फिरते. खरा प्रश्न ताब्याचा आहे. कॅमेरा चालू ठेवण्याची व मुद्रणाची जबाबदारी २०२० च्या निकालाने ठाणे प्रमुखावर टाकली. देखभालीपुरते ते योग्यच. परंतु मुद्रणाची एकमेव प्रतही ठाण्यातच राहिली, तर परीक्षार्थ्याच्या कपाटात उत्तरपत्रिका ठेवण्याचाच तो प्रकार होतो. ‘नेमके त्या रात्री यंत्र बिघडले होते’ हे उत्तर देणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो तो नातेवाईक.

त्याने मुद्रण मागायचे कसे? पीडिताला मुद्रण सुरक्षित ठेवून घेण्याचा हक्क आहे, असा फलक ठाण्यात लावण्याचे त्याच निकालाने सांगितले आहे. परंतु फलकावरील हक्क अर्जात उतरला, की मुदतींचे गणित सुरू होते. माहिती अधिकार कायद्याने उत्तरासाठी तीस दिवस दिले आहेत. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तास. ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून नकार मिळाला, तर प्रथम अपील आणि मग दुसरे अपील. केवळ तपास चालू आहे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटले आहे. पण दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्यात मुदतच नाही आणि मुद्रणाला मात्र आहे. अर्जदार जिंकेपर्यंत मुद्रण पुसले गेलेले असू शकते.

मुद्रण मिळाले तरी ते अस्सल आहे हे कोणी सांगायचे? २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत मुदतीनंतर उमेदवारी अर्ज स्वीकारल्याच्या तक्रारीला निवडणूक कार्यालयातील चित्रमुद्रणाचा आधार होता. मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले; मात्र शक्य ते सारे करूनही ते न मिळालेल्या पक्षकाराला त्याची शिक्षा नको, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्रावर ‘हॅश मूल्य’ नोंदवायचे असते. मुद्रणावरून गणिताने काढलेली ही खूण आहे. मुद्रणात क्षणभराचा फेरफार झाला तरी ती बदलते. मुद्देमालावरील लाखेच्या मोहोरेचेच हे नवे रूप. पण मोहोर महिन्यानंतर लावली, तर आधीच्या महिन्याविषयी ती काहीच सांगत नाही.

उपाय कायद्यातच सूचित आहे. झडती व जप्तीचे मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १०५ वे कलम सांगते. झडतीला जो न्याय, तो कोठडीला का नसावा? प्रत्येक दिवसाच्या मुद्रणाचे हॅश मूल्य त्याच दिवशी न्यायालयाकडे जमा व्हावे. तक्रार येताच मुद्रण पुसण्याला आपोआप स्थगिती मिळावी आणि वाद संपेपर्यंत ती टिकावी. मुद्रण गायब झाल्यास पोलिसांविरुद्ध अनुमान काढले जावे. पुरावा दडविणाऱ्याविरुद्ध असे अनुमान काढण्याची मुभा कायद्यात पूर्वीपासून आहे.

ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुले, खबरे यांचे चेहरे जगजाहीर होऊ नयेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु चेहरे झाकूनही प्रत देता येते, आणि पीडिताचा हक्क हा सर्वांच्या कुतूहलाहून वेगळा आहे. खोट्या आरोपातून प्रामाणिक पोलिसाची सुटका होईल, तीही याच मुद्रणामुळे. त्यासाठीही ते संशयातीत असले पाहिजे.

सरकारी पैशाने भिंतीवर टांगलेला कॅमेरा ही सुधारणेची सुरुवात आहे. त्याने पाहिलेले ठाण्याबाहेरच्या एखाद्या विश्वासू हाती रोजच्या रोज पोहोचेल, तेव्हाच तो साक्षीदार म्हणवून घेण्यास पात्र ठरेल.