गाडीचा बेड आणि आईची पाठ

शीळफाटा हे नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा वाहतूक कोंडीमुळे. मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याण, चारही बाजूंची वाहनं इथे एकमेकांच्या अंगावर येतात. अलीकडे बुलेट ट्रेनमुळेही हे नाव गाजतंय. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला बाहेर पडणार आहे, आणि त्यातला घणसोली ते शीळफाटा हा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. पण मैत्रिणींनो, मला आज बोलायचंय ते या रस्त्यावरच्या वेगळ्याच एका घडामोडीबद्दल. ती घरात घडते, म्हणून तिची बातमी होत नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळी, निळजे, काटई या गावांच्या आजूबाजूला गेल्या पंधरा वर्षांत इमारतींचं जंगल उभं राहिलंय. आम्हा डोंबिवलीकरांच्या डोळ्यांदेखत शेतं गेली आणि टॉवर आले. या टॉवरच्या जाहिरातींत पूर्वी ‘पाणी चोवीस तास’, ‘स्टेशन जवळ’ असं असायचं. आता त्यात ‘किड्स रूम’ आली आहे. सॅम्पल फ्लॅट बघायला जा. आई-बाबांची बेडरूम झाली की विक्रेता हसत हसत शेवटचं दार उघडतो. आत मुलगा गृहीत धरला असेल तर लाल मोटारगाडीचा बेड, मुलगी असेल तर गुलाबी महालाचा. बरोबर आणलेलं पिल्लू धावत जाऊन त्यात बसतं, खाली उतरायला तयार होत नाही, आणि आई-बाबा एकमेकांकडे बघतात. घर तिथेच निम्मं विकलं गेलेलं असतं.

जरा बारकाईने बघा. सॅम्पल फ्लॅटमधला बेड बहुधा आखूड असतो, कारण त्यामुळे खोली मोठी दिसते. म्हणजे तो निवडताना डोळ्यांसमोर मूल नव्हतंच, खोली होती. आपण मात्र चावी मिळाल्यावर अगदी तस्साच बेड शोधत निघतो. तुमच्या गावात हे लोण आलं नसेल तर येईल. मोबाइलवर तर ते आलेलंच आहे.

मुळात ‘मुलाचा पहिला बेड’ ही आपल्याकडची चीजच नव्हे. आपल्याकडे बारशाला पाळणा सजतो, मग साडीची झोळी, मग आईची कूस. पुढे धाकटं भावंडं आलं की थोरल्याची बदली आजीच्या गोधडीत. रात्री ओळीने गाद्या घालायच्या, सकाळी त्यांची चळत रचायची. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचा बेड हवा हा विचार आला तो फ्लॅटबरोबर. म्हणूनच सासूबाई म्हणतात, “एवढ्याशा लेकराला वेगळं झोपवताय? काय घाई आहे?” आणि सुनेला वाटतं की आपल्याला मागासलेलं ठरवतायत. खरं तर दोघींचंही थोडं थोडं बरोबर असतं.

या खोलीच्या हौसेला मी हसणार नाही. याच शीळ परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७० हून अधिक माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. चार भिंती उद्या उभ्या असतील का, हीच ज्या पट्ट्यातल्या अनेक घरांची काळजी, तिथे एखादी आई कर्ज काढून पक्कं घर घेते आणि मुलाला स्वतःचा कोपरा देते, यात केवढा आनंद असतो! जिने स्वतः दहावीचा अभ्यास ओट्याखाली बसून केला, तिला लेकीसाठी महाल घ्यावासा वाटला तर नवल काय? प्रश्न हौसेचा नाहीच. त्या हौसेच्या बदल्यात दुकानदार आपल्याला काय देतो, एवढाच प्रश्न आहे.

तर काय देतो ते बघू. गाडीचे, महालाचे, बोटीचे बेड बहुतेक एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचे असतात, कारण वळणदार आकार त्यात स्वस्तात कापता येतात. आपल्याकडच्या पावसाळी ओलीत हा बोर्ड कडेने फुगतो. अंथरुण ओलं करायचं वय असतं, तेव्हा पावसाची वाट बघायचीही गरज नाही! बऱ्याच वेळा गादीचं मापही वेगळंच असतं, त्यामुळे गादी आणि चादर दोन्ही मुद्दाम करून घ्यावी लागतात. बेडवर टीव्हीतलं किंवा सिनेमातलं पात्र असेल, तर अधिकृत मालात त्या पात्राच्या परवान्याचे पैसेही आपणच मोजतो. आणि पात्रं काय, येतात आणि जातात. ‘छोटा भीम’ २००८ मध्ये आला, ‘मोटू पतलू’ २०१२ मध्ये, ‘फ्रोझन’ २०१३ मध्ये. घरात पोरं काय बघतात ते तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या वर्षी जिच्याशिवाय जेवण जात नाही, ती राजकन्या पाचव्या वर्षी ‘बेबींची’ होते. बेड मात्र तिथेच असतो, हप्तेही चालू असतात.

पण माझा खरा आक्षेप पैशांचा नाही. ही वस्तू दिवसा विकली जाते आणि रात्री वापरली जाते, हा आहे.

रात्री दोन वाजताचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मूल रडत उठलंय. स्वप्न पडलंय, किंवा ताप आहे, किंवा नुसतीच आईची आठवण आली आहे. आई उठते, त्या खोलीत जाते, आणि आता? साध्या बेडच्या कडेला ती टेकते, मग आडवी होते, मुलाला कुशीत घेते आणि दोघंही झोपतात. गाडीच्या बेडला मात्र चारी बाजूंनी उंच दारं-चाकं! कडेला टेकायला जागा नाही, आत शिरलं तर पाय बाहेर. मग ती जमिनीवर उकिडवी बसते, हात आत घालून थोपटत राहते. सकाळी सहाला डबे, सव्वासातची लोकल. अशा तीन-चार रात्री झाल्या की मूल परत आई-बाबांच्या बेडवर येतं आणि गाडीत धुतलेल्या कपड्यांचा ढीग जमतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हेच झालं आहे. एका घरात तर तो ढीग इतका जुना, की मुलगा त्याला ‘कपड्यांची गाडी’ म्हणतो.

मुलाचा पहिला बेड हा निम्मा आईचा, कधी आजीचाही बेड असतो. गादी उचलून चादर खोचणारी ती, बेडखालून केरसुणी घालणारी ती, ओलं अंथरुण उन्हात टाकणारीही तीच. निवड करताना मात्र मुलाला काय आवडेल आणि पाहुणे काय म्हणतील, एवढंच बोललं जातं. तिच्या पाठीचा विचार कुणाच्याच यादीत नसतो.

दुसरी गोष्ट गुलाबी-निळ्याची. दोन वर्षांच्या मुलीला महाल आणि मुलाला गाडी, म्हणजे एकीने बसून राहायचं आणि दुसऱ्याने पळायचं, हे आपण झोपेतही शिकवायला लागलो. शिवाय व्यवहार बघा. थोरलीचा गुलाबी महाल धाकट्या मुलाला चालत नाही, असं घरातले मोठेच ठरवतात, आणि मग दुसरा बेड येतो. साधा लाकडी बेड ताईचा दादाला, दादाचा मावसबहिणीला जातो. पाळणे आपल्याकडे असेच घरोघर फिरायचे. एकेका पाळण्यात दोन पिढ्या झोपल्या.

आता दुसरी बाजूही सांगते. आईची कूस सोडायला मूल तयार नसेल, तर आवडीचा बेड त्याला ओढून नेतो, असं काही आया सांगतात. ते खरं आहे. पण ओढून नेणारी गोष्ट बेडच असायला हवी का? दोन चादरी समोर ठेवा, हत्तीची आणि चांदण्यांची, आणि त्यालाच निवडू द्या. ‘माझं’ म्हणायला मुलाला तेवढं पुरतं. आवड बदलली की चादर बदला. साध्या बेडवर ओढणी टांगली की महाल होतो, खुर्ची पुढे लावली की आगगाडी होते. गाडीच्या आकाराचा बेड मात्र गाडीच राहतो.

हा विचार आपल्या मातीतलाच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं उभी केली. महागडं साधन नाही म्हणून मुलांचं शिकणं अडलं नाही. खुद्द मारिया मॉन्टेसरी १९३९ ते १९४६ भारतात होत्या. मुलाला आपलं आपण चढता-उतरता येईल इतकं त्याचं अंथरुण बुटकं असावं, असं त्यांचं मत होतं. आज त्यांच्याच नावाने ‘मॉन्टेसरी बेड’ म्हणून जमिनीलगतच्या चौकटी हजारो रुपयांना विकल्या जातात. अहो, आपल्या आज्यांनी जमिनीवर घातलेली गादी म्हणजे वेगळं काय होतं?

दिसण्यापेक्षा ज्याकडे आधी बघायला हवं ती म्हणजे सुरक्षितता. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. त्यात टेबल-खुर्च्या-कपाटांबरोबर बेड आणि दुमजली बेडही घेतले आहेत. म्हणजे बेडसाठी भारतीय मानक आहे. कंपनीचा माल घेताना ‘आयएसआय मार्क आहे का?’ हे विचारायला लाजू नका, कुकर घेताना विचारतोच ना? सुताराकडून करून घेणार असाल तर रंगाचा डबा बघा. २०१६ च्या नियमांप्रमाणे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत हवं, आणि या वयात पोरं बेडची कड चावतात हे आपण जाणतो. कडा-कोपरे गोल करून घ्या. बाजूला कठडा लावणार असाल तर गादी आणि कठडा यांच्यात फट नको, त्यात मूल अडकू शकतं. दुमजली बेडचा वरचा मजला सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. आणि बेड खिडकीखाली मुळीच नको. पंधराव्या मजल्यावर तर नाहीच.

आणखी एक. असे बेड एकटे येत नाहीत, बरोबर त्याच नक्षीचं कपाट आणि ड्रॉवर येतात. आयकियाचं तुर्भ्याचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं, आमच्याकडून महापेमार्गे तिकडे जाणारे पुष्कळ. याच कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली. ड्रॉवर उघडून मुलं वर चढली, कपाट अंगावर आलं आणि काहींचे जीव गेले. स्वतंत्र बेड म्हणजे आपण झोपेत असताना मूल खोलीत एकटं फिरणार. तेव्हा नवं असो की जुनं गोदरेजचं, त्या खोलीतलं प्रत्येक उंच कपाट भिंतीला पक्कं करून घ्या. नक्षीपेक्षा ते दोन स्क्रू महत्त्वाचे.

मग घ्यायचं काय? घाई तर करूच नका. पाळण्याच्या कठड्यावरून मूल बाहेर पडू बघायला लागलं किंवा त्याची उंची साधारण तीन फुटांवर गेली, की पाळणा सोडायची वेळ झाली. तेव्हासुद्धा आधी गादी जमिनीवर घालून बघा, आपल्याच खोलीत. ते जमलं की सहा बाय तीनचा, बुटका, साधा सिंगल बेड. या मापाची गादी आणि चादर कुठेही मिळते, आणि हाच बेड दहावीपर्यंत चालतो. आमच्याकडचे लोक फर्निचरला उल्हासनगरचा बाजार पालथा घालतात. पण तुमच्या गावात ओळखीचा सुतार असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान. घरातल्या जुन्या दिवाणाचे पाय कापून तो बुटका करता येतो. त्याला खर्चही फारसा नाही.

महाल किंवा गाडी घ्यायचीच ठरली, तरी घ्या, तुमचं घर, तुमचा पैसा. फक्त दुकानात एक करा. मूल आत उड्या मारत असताना दुकानदाराला सांगा, “थांबा, मी जरा यात झोपून बघते.” तो हसेल, नवरा इकडेतिकडे बघेल. बघू दे. चप्पल काढा आणि मुलाशेजारी आडव्या व्हा. पाय मावले, कूस वळता आली, उठताना कंबरेने कुरकुर केली नाही, तर तो बेड तुमच्या घरात नांदेल.