पळाल्यावर डोकं का दुखतं?

मुलांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हांला भारी आवडतात, हे मला ठाऊक आहे!

आमच्या शाळेत खो-खोचा सराव चालला होता. चौथीतली एक मुलगी, पळण्यात अगदी हरणासारखी. पण सराव संपत आला की रोज तिचा हात कपाळावर! "बाई, डोकं ठणकतंय." मला वाटलं, कंटाळा करतेय. मी म्हटलं, "नाटकं पुरे हं! चल, ऊठ." बिचारी उठली, पळाली आणि कडेला जाऊन मटकन खाली बसली. डोळे पाण्याने भरलेले. तेव्हा मात्र मी चपापले.

तिला लिंबाच्या सावलीत बसवलं, थोडं थोडं पाणी पाजलं. मग विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"नुसता चहा."

"आणि पाणी?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, मुलींच्या संडासाची कडी तुटलीय. सारखं जावं लागू नये म्हणून मी पाणीच पीत नाही."

काय बोलणार मी? कडी तुटल्याचं मलाही माहीत होतं!

आता डोकं दुखतं कसं, ते पाहू. गंमत म्हणजे आपल्या मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणं, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू. आपण जोरात पळतो तेव्हा हृदय भराभर धडधडतं आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात. त्या ताणल्या की ठणका लागतो, असं डॉक्टर मानतात. त्यात घामावाटे पाणी आणि मीठ निघून गेलेलं, पोट रिकामं, वर ऊन. मग डोकं कुरकुरणारच! जोर-बैठका काढताना श्वास रोखून धरला किंवा केस फार घट्ट बांधले, तरी डोकं दुखू शकतं.

मग खेळायचंच नाही की काय? छे! खेळायचं, पण नीट. सरावाआधी पोळी, केळं, उपमा, काहीतरी पोटात हवंच. तहान लागायची वाट न पाहता मधूनमधून पाणी प्या. फार घाम आला, तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू-सरबत उत्तम. एकदम धूम ठोकू नका. आधी चाला, हातपाय मोकळे करा, मग पळा. भर दुपारच्या उन्हात खेळू नका. आणि डोकं दुखू लागलं, की खेळ थांबवून लगेच सांगा. मोठ्यांच्या गोळ्या मनानेच घ्यायच्या नाहीत हं!

पालकांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. व्यायामाने होणारी साधी डोकेदुखी काही मिनिटांत थांबते, कधी दोन दिवसांपर्यंतही राहते. पण ती साधीच आहे, हे आपण घरी ठरवू नये. पहिल्यांदाच असं झालं किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. डोकं अचानक असह्य दुखलं, उलट्या झाल्या, चक्कर येऊन मूल पडलं, मान ताठली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर मुळीच वेळ न दवडता दवाखाना गाठा. उन्हात खेळताना अंग तापलं आणि मूल असंबद्ध बोलू लागलं, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगेच न्या.

आमच्या त्या मुलीलाही डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवी कडी आणली आणि शिपाईमामांनी ती बसवून दिली. ती आता दप्तरात पाण्याची बाटली आणते आणि न्याहारी करून येते. डोकेदुखी पळाली! स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो, ते सोडा. पण "डोकं दुखतंय" म्हणणाऱ्या मुलाला मी आता आधी जवळ बसवते, मग बोलते.

या आठवड्याचं तुमचं काम सोपं आहे. तुमच्या शाळेतली कडी नीट लागते का, ते पाहा. लागत नसेल, तर बाईंना सांगा. लाजायचं नाही!

तुमच्या,
बाई