छत्तीसांतली शिल्लक

वडिलांचा रशियन झेनिट गळ्यात अडकवून कॅम्प चारमधून निघालो, की शेजारचे दुकानदार हटकतात, "साईं, अजून रोल मिळतो?" मिळतो, महाग मिळतो. म्हणूनच तर नेम धरतो! ५८ मिलिमीटरच्या हेलिऑस भिंगाची कडी हाताने फिरवत समोरच्याचे डोळे स्पष्ट करायचे, म्हणजे त्या माणसाकडे घटकाभर बघावंच लागतं. चिरंजीवांच्या मोबाईलमध्ये ११ हजार फोटो! वडील गेले तेव्हा हार घालायला त्यांतला एकही सापडला नाही. माझ्या ३६ मध्ये चार निघाले. एक किंचित हललेला. हललो मीच होतो. बँकेत बावीस वर्षं काढलेला कारकून सांगतो, ऐका : चेकबुक जाडजूड म्हणजे खात्यात शिल्लक नव्हे!