बुडालेल्या वाटेचा घसारा

२१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीत सात माणसे होती. एक पोहत काठाला लागला, सहा बुडाली. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. शोधपथके आली, मंत्र्यांच्या मोटारी आल्या, वर्तमानपत्रांनी दोन-तीन दिवस पहिले पान दिले, आणि पुलाच्या जुन्या मागणीला पुन्हा उजाळा मिळाला. पूल झालाच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पूल होईल तो एका ठिकाणी होईल. जलाशयाचा काठ सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतून फिरतो आणि त्या काठावरच्या माणसांना होडीची गरज उद्याही राहणार आहे. त्या होडीची निगा कोण राखतो, कशाच्या बळावर राखतो आणि न राखल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र अपघाताच्या चर्चेत कोणी उपस्थित केल्याचे दिसले नाही.

हे स्पष्ट केले पाहिजे की, त्या दिवशीच्या दुर्घटनेमागे वारा होता, आणि एखाद्या होडीवाल्यावर दोषारोप ठेवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न त्याहून व्यापक आहे.

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी साठविणाऱ्या या जलाशयाचे हिशेब अत्यंत काटेकोरपणे ठेवले जातात. किती पाणी उपयुक्त, किती मृत, कोणत्या कालव्याला किती, सोलापूर शहराला किती, हे रोज टक्क्यांत प्रसिद्ध होते. जवळजवळ ६३ टी.एम.सी. मृत साठा असल्यामुळे उन्हाळ्यात ही टक्केवारी शून्याखाली जाते आणि ‘धरण उणे झाले’ हा शब्दप्रयोग काठावरच्या शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांवर राजकारण उभे राहिले. पण या पाण्याखाली गेलेल्या वाटांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नाही. नदी होती तेव्हा उन्हाळ्यात ती पायी ओलांडता येत असे, पावसाळ्यात तरीने. अलीकडचे सोयरे पलीकडे, पलीकडचे बाजार अलीकडे. धरणाने या दोन काठांमध्ये मैलोगणती रुंदीचे पाणी आणून ठेवले. रस्त्याने जावे तर मोठा वळसा. म्हणून दवाखाना, लग्नकार्य आणि बाजारहाट यांसाठी होडी हाच रस्ता झाला. सरकारने बुडविलेला रस्ता सार्वजनिक होता. त्याच्या जागी आलेली होडी मात्र खाजगी आहे, आणि तीही अशा माणसाच्या मालकीची, ज्याच्याजवळ दुसरे काहीच नाही.

भोई समाजाची पिढीजात मासेमारी नदीच्या डोहातली. नदीतली होडी अरुंद पाण्यात, दोन दरडींच्या आडोशाने चालणारी. जलाशयाचे तंत्र वेगळे. उघड्या पाण्यावरून वारा लांबवर वाहत येतो तेव्हा तो लाटा वाढवीत येतो, आणि वळवाच्या सरीआधी तर पंधरा मिनिटांत पाण्याचे रूप पालटते. येथे होडी अधिक उंच काठाची, अधिक रुंद आणि अधिक मजबूत हवी. धरण बांधणाऱ्यांनी सिमेंट-काँक्रीटचा बारकाईने विचार केला; नदीतला माणूस सरोवरात लोटला जाणार, तेव्हा त्याची होडी कशी असावी, याचा विचार त्याने स्वतःच, स्वतःच्या खर्चाने आणि प्रसंगी स्वतःच्या जिवाने केला.

होडीची डागडुजी म्हणजे काय, हे रस्त्यावरून हिंडणाऱ्या माणसाला सहसा ठाऊक नसते. लाकडी होडी उन्हात पडली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. ते बुजवून डांबराचा हात द्यावा लागतो आणि लाकूड पुन्हा फुगावे म्हणून होडी काही काळ उथळ पाण्यात बुडवून ठेवावी लागते. पत्र्याची होडी सांध्यापाशी आणि पाणरेषेपाशी गंजते. वरून रंग चांगला दिसतो आणि आतून पत्रा कागदासारखा झालेला असतो. तिला वेल्डिंग हवे, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती गावात न्यावी लागते. त्या दिवसाचे भाडे, वेल्डरचे पैसे आणि बुडालेली मासळी असा तिहेरी खर्च. फायबरची होडी गंजत नाही, कुजत नाही, म्हणून तिला निगाच लागत नाही असा समज पसरला आहे. तो समज घातक आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जलाशयाच्या पोटातून जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे दगडी कठडे, बाभळींचे बुंधे वर येतात. पळसदेवचे जुने देवालय पाहायला लोक गर्दी करतात, परंतु पाण्याच्या वीतभर खाली राहिलेला विहिरीचा कठडा पाहायला कोणी जात नाही. तो होडीच्या बुडालाच आधी सापडतो. त्यावर घासून वरचा गुळगुळीत थर गेला की पाणी आतल्या धाग्यांत मुरू लागते. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, ती आतून कुजून सैल होते. आणि सर्वांत महत्त्वाचा तो हवाबंद कप्पा. होडी उलटली तरी तरंगत राहावी, माणसाला धरायला काही उरावे, यासाठी तो असतो. त्याला बारीक चीर गेली तर वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ते एकदाच.

याखेरीज रोजची झीज आहेच. वल्ह्याचे दांडे, दोर, इंजिनाचा पंखा, पंख्याची पिन, पाणी उपसण्याचा डबा. पाणी मागे हटत जाईल तशी होडी चिखलातून, खडकातून ओढत न्यावी लागते. त्याच पाण्यामागे काठावरचा शेतकरीही आपली मोटार, पाइप आणि केबल घेऊन धावत असतो, आणि पुष्कळदा हे सारे सामान वाहून नेते तीही कोळ्या-भोयाचीच होडी. भिगवणजवळ कुंभारगाव-डिकसळच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात, त्यांना फिरवतोही तोच. घरातल्या बाया पहाटे जाळ्यातली चिलापी सोडवतात, निवडतात, बाजाराला लावतात आणि दुपारी फाटकी जाळी पुढ्यात घेऊन बसतात. एका होडीवर एक घर चालते, असे म्हटले जाते. एकाच घरावर एक होडी चालते, हेही तितकेच खरे आहे.

अर्थशास्त्रात यासाठी एक साधा शब्द आहे : घसारा. यंत्र वापरले की झिजते. त्या झिजेइतकी रक्कम दरवर्षी उत्पन्नातून बाजूला काढली नाही, तर उत्पन्न म्हणून जे खाल्ले जाते ते प्रत्यक्षात भांडवलच असते. साखर कारखाना आपल्या चरकाचा घसारा धरतो. एस.टी. महामंडळ तोट्यात असले तरी बसगाड्यांचा घसारा त्याच्या ताळेबंदात असतो. समजा, एखादी होडी दहा हंगाम टिकते. तर तिच्या किमतीचा दहावा हिस्सा दरसाल राखून ठेवला पाहिजे. पण ज्याची मासळी सकाळी विकून संध्याकाळचे पीठ येते, त्याने तो कशातून राखावा? तो भांडवल खातो, कारण दुसरे खायला नसते. आणि येथे कालचक्रही त्याच्या विरोधात आहे. होडी काठावर ओढून दुरुस्त करण्याचे दिवस म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. हेच दिवस घरात तंगीचे. शाळेची पुस्तके याच दिवसांत, छप्पर शाकारणे याच दिवसांत, लग्नाचे देणेही याच दिवसांत. मग डागडुजी पुढल्या वर्षावर जाते, किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, त्याच्या वजनाने आणि त्याच्या भावाने. व्याज वेगळे आकारले जात नाही, ते भावातच कापले जाते. म्हणून ते कोणत्याही सावकारी कायद्याच्या दृष्टीस पडत नाही.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जाळी व होड्या यांच्या खरेदीसाठी अनुदानाच्या योजना आहेत. पण अनुदान आहे ते खरेदीला. नवी होडी वाटता येते, तिच्यासोबत छायाचित्र काढता येते. चिरलेल्या कप्प्याला ठिगळ लावण्याचे छायाचित्र कोण काढणार? शासनाचे दुसरे दर्शन काठावर घडते ते वाळूउपशाच्या होड्या जिलेटिनने उडविण्यासाठी. बेकायदा वाळूउपसा थांबलाच पाहिजे, हे निर्विवाद. तरीही ज्या काठावर सरकारी होडी-तपासनीस सहसा फिरकत नाही, त्या काठावर सरकारी स्फोटके मात्र वेळेवर पोहोचतात, याची नोंद घ्यावीशी वाटते.

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींविषयी कायदा झाला. त्याचे मुख्य लक्ष तरीच्या उत्पन्नावर होते. तरीचा मक्ता लिलावाने द्यायचा, मक्तेदाराने उतारूंकडून पैसे घ्यायचे. ब्रिटिश गेले, परंतु तर म्हणजे उत्पन्नाची बाब, ही दृष्टी गेली नाही. २०२१ मध्ये संसदेने अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. यांत्रिक होड्यांची तपासणी, नोंदणी व विमा त्यात आहेच. शिवाय यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची नोंद जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायत पातळीवर करण्याची तरतूदही आहे. ही तरतूद चांगली आहे. पण तपासणीत होडी नापास झाली तर पुढे काय? दुरुस्तीला पैसे नसलेल्या माणसाची होडी नापास करणे म्हणजे त्याची रोजी बंद करणे होय. तो मग तपासणी चुकवील आणि ती चुकविण्याचा दर लवकरच ठरून जाईल. दुरुस्तीच्या सोयीवाचून केलेली सक्ती गरिबावर दंड होऊन बसते. जीव तिने वाचत नाहीत.

दुसरी रीत शक्य आहे, याचे दाखले दूर नाहीत. कोयनेच्या शिवसागरात पलीकडच्या गावांसाठी सातारा जिल्हा परिषदेने लाँच आणि तराफे चालविले. त्या सेवेच्या तक्रारी पुष्कळ असतील, पण बुडालेल्या रस्त्याची जबाबदारी सार्वजनिक आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढा देऊन १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला आणि तवा मत्स्य संघ या सहकारी संघामार्फत मासळी विकली. जाळ्या-होड्यांसाठी संघाने सभासदांना कर्ज द्यायचे आणि मासळीच्या हिशेबातून ते थोडेथोडे वळते करून घ्यायचे, अशी तेथे व्यवस्था होती. म्हणजे घसारा व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटून सहकाराच्या खात्यात आला. पुढे व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून २००६ नंतर तो हक्क काढून घेण्यात आला. ज्यांना धरणाने उठविले, त्यांनाच वाघाच्या नावाने पाण्यावरूनही उठविले गेले. प्रयोग फसला म्हणून बंद पडला असे जे सांगितले जाते, ते सत्यास धरून नाही.

या बाबतीत परिवर्तनवादी चळवळीचेही काही चुकले आहे. धरणग्रस्तांच्या परिषदांत जमिनीची, मोबदल्याची आणि नोकरीची मागणी पुढे आली, आणि ती योग्यच होती. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, ज्याचे सर्वस्व नदीत होते, त्या भोयाच्या मागण्या आपल्या ठरावांत शेवटच्या कलमात गेल्या. होडीची दुरुस्ती हा विषय फार लहान वाटला असावा. कुगावच्या पाण्यात सहा माणसे गेल्यावर तो लहान राहिलेला नाही.

कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत व माढा या तालुक्यांतील काठावरच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करावेत : तरीच्या मक्त्याचे जे उत्पन्न येते, ते प्रथम होड्यांच्या दुरुस्तीवर आणि जीवरक्षक जॅकेटांवर खर्च व्हावे. मच्छीमार संस्थांनी दोन-चार गावे मिळून काठावर एक दुरुस्तीची शेड उभी करावी. वेल्डिंगचे यंत्र, फायबरला लागणारे मॅट व रेझिन, आणि हे काम शिकलेली गावातलीच दोन मुले, एवढ्यावर ती चालू शकते. जिल्हा नियोजन समितीला जिथे सुशोभीकरणासाठी निधी सापडतो, तिथे यासाठीही सापडला पाहिजे. न सापडल्यास तो शोधायला लावण्याचे काम संघटनेचे. पर्यटनाच्या होड्यांवर जो आकार बसतो, त्याचा वाटा या शेडला मिळावा.

आणि ग्रामपंचायतीत होड्यांची नोंदवही ठेवण्याचे काम वैशाखापूर्वी सुरू व्हावे. तिच्या पहिल्या रकान्यात मालकाचे नाव असेल. दुसरा रकाना ‘शेवटची दुरुस्ती केव्हा’ असा असावा, आणि तिसरा, ‘पैसे कोणाकडून आणले’.