पेशी, जनुक आणि उत्क्रांती: धडा एकच हवा

राज्य मंडळाच्या शाळांत मुले आठवीत पेशी व पेशीअंगके शिकतात, नववीत आनुवंशिकता आणि दहावीत उत्क्रांती. तीन वर्षे, तीन धडे, आणि एका धड्याचा दुसऱ्याशी संबंध क्वचितच जोडला जातो. आठवीतला मुलगा पेशीची नामनिर्देशित आकृती सुबक काढतो. नववीत उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून 3:1 हे प्रमाण बरोबर येते. दहावीत अवशेषांगे आणि जोडणारे दुवे यांची उदाहरणे पाठ होतात. पण पेशीत बनणारे प्रथिन, ते बनवण्याची सूचना बाळगणारे जनुक आणि हजारो वर्षांत त्या जनुकाचे समाजातले कमीजास्त झालेले प्रमाण ही एकच साखळी आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात न येताच शाळा संपते. ही साखळी दाखवायला महाराष्ट्राला परदेशातले उदाहरण शोधावे लागत नाही. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या मोठ्या भागात हजारो कुटुंबे ज्या आजाराशी झगडत आहेत, तो सिकलसेल हेच या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे. नववीच्या पुस्तकात तो आजही आहे, पण आनुवंशिक विकारांच्या यादीतला एक विकार म्हणून. त्याला मध्यभागी आणून पेशी, जनुक आणि उत्क्रांती त्याच्याभोवती शिकवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात पेशीपासून करू. निरोगी लाल रक्तपेशी गोल, दोन्ही बाजूंनी किंचित खोलगट आणि लवचीक असते, म्हणून बारीक केशवाहिनीतूनही वाकून पुढे सरकते. तिच्यात हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ तंतू तयार होतात, आणि ते आतून रेटा देऊन पेशीला विळ्याचा आकार देतात. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी दोन-तीन आठवड्यांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. हे सगळे का घडते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, कारण अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ असते. बाकी सगळे जसेच्या तसे. इथे चौकस मुलगी विचारेल, की पक्व लाल पेशीत केंद्रकच नसते, मग हे जनुक असते कुठे? या प्रश्नाचे उत्तर तिला अस्थिमज्जेपर्यंत घेऊन जाते, जिथे केंद्रक असलेल्या मूळ पेशींपासून लाल पेशी तयार होतात. डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा प्रवास दहावीची मुले शिकतातच. त्या प्रवासात एक अक्षर चुकले तर माणसाच्या गुडघ्यात कळ का येते, हे त्यांना सांगितले, की तो प्रवास कायमचा लक्षात राहतो.

आनुवंशिकतेचे गणितही इथे जिवंत होते. ज्याला दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळाले तो ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. ज्याला एकाच पालकाकडून मिळाले तो ‘एएस’, म्हणजे वाहक, आणि वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द वाटाण्याच्या शेतात कधी कळत नाही, कारण तिथे शेकडो रोपे मोजायला असतात. माणसाच्या घरात दोन किंवा तीन मुले असतात. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप असतील असा हिशेब घरोघरी मांडला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. उलट दोन मुलांच्या घरात दोन्ही मुले आजारमुक्त असण्याची शक्यता सोळापैकी नऊ असते. म्हणजे अशा निम्म्याहून अधिक घरांत, तपासणी केली नसेल तर, दोघे पालक वाहक आहेत हे कळतही नाही. आणखी एक गोष्ट हे गणित शिकवते. आजारी मुलाचा दोष आजही आईच्या माथी मारला जातो, पण एसएस मुलात एक जनुक आईचे असते तसे एक वडिलांचेही असते.

आता खरा प्रश्न. इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? एसएस मुले पूर्वी वयात येण्याआधीच दगावत, तर हे जनुक केव्हाच विरळ व्हायला हवे होते. अँथनी ॲलिसन या केनियात वाढलेल्या डॉक्टरने 1949 मध्ये पाहिले, की किनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात वाहकांचे प्रमाण जास्त आहे आणि उंच थंड प्रदेशात कमी. मलेरियाचाही नकाशा तसाच होता. 1954 मध्ये त्याने पुरावे मांडले, की एएस व्यक्तीला फाल्सिपेरम मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. मलेरियाच्या रानात वाहक जास्त जगले, त्यांची संतती वाढली आणि जनुक टिकले. नैसर्गिक निवडीचा माणसातला इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया अजून हटलेला नाही आणि सिकलसेलही तिथे आहे, हे कळल्यावर उत्क्रांती गॅलापागोस बेटांवरून आपल्या मुलांच्या गावात येते. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान या समाजांत आणि विदर्भातल्या इतर काही जातींतही हे जनुक आढळते. त्यावरून ‘यांचे रक्तच वाईट’ असे बोलणाऱ्यांना विज्ञानाचे उत्तर उत्क्रांतीतूनच मिळते. ज्या जनुकाने पूर्वजांना मलेरियातून वाचवले, त्याचीच ही दुसरी, दुःखद बाजू आहे. पुण्यातून सिकलसेलवर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. सुदाम काटे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा परिचय शाळेत का होऊ नये?

नेमका हाच उत्क्रांतीचा भाग सध्या धोक्यात आहे. एनसीईआरटीने कोविडकाळातला भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली आणि 2023 च्या पुस्तकात ती परत आणली नाही. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात आनुवंशिकता तेवढी उरली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीत हा विषय सविस्तर आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीचे जीवशास्त्र घेतात किती जण? दहावीनंतर कला, वाणिज्य, आयटीआयकडे वळणाऱ्यांचा आणि शाळाच सुटणाऱ्यांचा जीवशास्त्राशी संबंध तिथेच संपतो. सिकलसेलच्या पट्ट्यातल्या अनेक मुलींची लग्ने बारावीच्या आधी ठरतात. ज्यांना हे ज्ञान सर्वांत लागणार, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायची शेवटची जागा दहावी आहे. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात उत्क्रांती आजही पहिल्याच प्रकरणात आहे. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, 2025 मध्ये पहिलीपासून त्याची सुरुवात झाली. तो नववी-दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा दिल्लीची वजाबाकी इथे उतरवली जाऊ नये.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, हा आक्षेप मला पटतो, पण ओझे सुट्या माहितीच्या तुकड्यांचे असते. तीन धडे एका प्रश्नाभोवती गुंफले, तर व्याख्या आणि याद्या कमीच होतील. दुसरा आक्षेप जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत घेतला होता: माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, म्हणून डार्विन चूक. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचे जाहीर खंडन केले. आजची माकडे माणसाची पूर्वज आहेत, असे उत्क्रांती म्हणतच नाही. निवड मात्र आजही मोजता येते, वाहकांच्या प्रमाणात आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूत.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. वर्गात बसलेल्या एसएस मुलीकडे सगळे वळून पाहतील, त्याचे काय? ही भीती खरी आहे. म्हणून वर्गात कुणाचाही रक्ततपासणीचा निकाल विचारायचा नाही, हात वर करायला लावायचे नाहीत आणि उदाहरणातल्या कुटुंबाला जात किंवा आडनाव द्यायचे नाही, ही बंधने शिक्षक-प्रशिक्षणातच घालून द्यावी लागतील. पण गप्प बसल्याने त्या मुलीचे रक्षण होत नाही. तिच्याविषयी कुजबुज आज होतेच, फक्त अज्ञानातून होते. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि 2047 पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हातात पडलेल्या कार्डावरचे ‘एएस’ वाचता न येणाऱ्या तरुणाला त्या तपासणीचा काय उपयोग? शिक्षण मंडळाने दहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘टीपा लिहा’च्या जागी एक प्रश्न घालावा: दोघे पालक एएस आहेत, पहिली दोन मुले निरोगी आहेत, तिसऱ्याला आजार असण्याची शक्यता किती, आणि हे जनुक त्या गावात इतके का आढळते? परीक्षेत जे येते तेच वर्गात शिकवले जाते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.