नपुंसकलिंगाची सोय आणि 'मी'ची अडचण

स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या व्यक्तींचा भाषिक प्रश्न इंग्रजीचा आहे, मराठीपाशी तिसरे लिंग तयारच आहे, असा युक्तिवाद व्याकरणाच्या आधारे केला जातो. वस्तुतः तो व्याकरणालाही धरून नाही.

'मूल' हे नाम नपुंसकलिंगी आहे, म्हणून मुलाला लिंगभाव नसतो असे कोणी मानत नाही. माणसाला 'ते' म्हटले की त्यात लेकराविषयीची माया तरी येते, नाहीतर 'ते ध्यान' या प्रयोगातली तुच्छता तरी. आदराने 'ते आले' म्हणावे, तर ते पुल्लिंगी अनेकवचन. शिवाय 'नपुंसक' ही संज्ञाच अभावातून घडलेली.

खरी अडचण प्रथमपुरुषाची आहे. 'मी जातो' की 'मी जाते', ही निवड प्रमाण मराठी बोलणाऱ्याला करावीच लागते. तृतीयपुरुषात देऊ केलेले लिंग 'मी' म्हणताच काढून घेतले जाते. म्हणजे त्या व्यक्तीविषयी इतरांनी बोलावे, तिने स्वतः बोलू नये! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नालसा खटल्यात मान्य केलेला, लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मात्र प्रथमपुरुषाचाच आहे.

तथापि, मराठी असमर्थ आहे हा उलट निष्कर्षही चूक. 'मी जाईन', 'मी पत्र लिहिले', 'मला वाटते' यांत बोलणाऱ्याचे लिंग उमटत नाही. कोणी या रचनांच्या आधारे लिहिले, वा एकाच परिच्छेदात 'जातो' आणि 'जाते' दोन्ही योजले, तर समीक्षकाने ते अशुद्ध ठरवण्यापूर्वी त्यामागची निवड वाचावी. लाल शाईने केलेले लिंगनिदान म्हणजे समीक्षा नव्हे.